टोमॅटोचं झाड उभं कसं ठेवायचं?

पुण्यात पाऊस ओसरला की गच्च्यांवर आणि गॅलऱ्यांमध्ये टोमॅटोची रोपं लागतात. सुरुवातीचा महिना-दीड महिना झाड आटोपशीर दिसतं, पहिली फुलं येतात, घरातली मंडळी कौतुकाने फोटो काढतात. फळं धरली की तेच झाड कुंडीच्या कडेवरून बाहेर झुकतं आणि मग हाताला येईल ते मातीत खुपसलं जातं: पडद्याची सळई, झाडूचा दांडा, पोरांचा जुना स्टंप. तहान लागल्यावर विहीर खणायचा हा प्रकार. एव्हाना मुळं कुंडीभर पसरलेली असतात. काठी खुपसताना त्यातली बरीच तुटतात, आणि एवढं करून काठी डुगडुगतेच.

आधार द्यायच्या पद्धती पुष्कळ आहेत आणि प्रत्येकीचे भक्तही आहेत. कोणी पिंजऱ्याशिवाय बोलत नाही, कोणाला दोरीच पसंत. पण ‘सगळ्यात चांगली पद्धत कोणती’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण टोमॅटो हे एका स्वभावाचं झाड नाही. एका जातीला जो आधार पुरतो तो दुसरीला महिनाभरात अपुरा पडतो. म्हणून आधी झाड ओळखायचं, मग बांबू आणायला निघायचं.

मुळात पडतं का?

टोमॅटोचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वताच्या पश्चिम अंगाला जमिनीवर पसरून वाढतात. काकडी-कारल्याला असतात तसे तणावे टोमॅटोला नाहीत. वालाच्या वेलासारखा तो काठीला वेढेही घेत नाही. स्वतःहून काही धरायची सोयच त्याच्याकडे नाही. त्याची सोय वेगळी आहे: खोड जिथे मातीला टेकतं तिथे त्याला नवी मुळं फुटतात. झाडाच्या बुंध्याजवळ खोडावर बारीक पांढरट उंचवटे दिसतात आणि लोक घाबरून रोग समजतात. ती मुळांची पूर्वतयारी असते. रोप लावताना खालची पानं काढून खोड जरा खोल पुरावं असं सांगतात ते याच कारणाने. पुरलेल्या भागाला मुळं फुटतात आणि झाड बुंध्याशी घट्ट बसतं.

म्हणजे टोमॅटो आडवा पडणं हा आजार नाही, तो त्याचा मूळ धर्म आहे. सॉससाठी टोमॅटो पिकवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या मोठ्या शेतांवर झाडांना आधार देतच नाहीत. बुटकी, एकदम पिकणारी जात लावायची आणि यंत्राने सगळं एका झटक्यात काढायचं, असा तिथला हिशेब.

मग आपण एवढा खटाटोप का करायचा? मुख्य कारण पाणी. पावसाचा किंवा पाइपचा थेंब मातीवर आपटला की मातीचे कण उडून खालच्या पानांवर बसतात. लवकर येणाऱ्या करप्याची बुरशी आधीच्या पिकाच्या पाल्यापाचोळ्यात दबा धरून असते, ती अशी वर चढते. आडव्या झाडाची पानं एकमेकांवर पडतात, ओली झालेली लवकर सुकत नाहीत, आणि बुरशीला रुजायला ओलंच पान लागतं. शिवाय मातीला टेकलेलं फळ सडतं, गोगलगायींना आयतं मिळतं आणि तोडणीच्या वेळी दिसतही नाही. पुण्यात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्या दिवसांत आधाराशिवाय टोमॅटो ठेवणं म्हणजे करप्याला आमंत्रण. थंडीतल्या कोरड्या हवेत, जमीन मोकळी असेल आणि खाली भाताच्या पेंढ्याचा जाड थर दिला असेल, तर बुटक्या जाती पसरू दिल्या तरी चालतं. गच्चीवर मात्र जागाच नसते, म्हणून वर जाणं भाग आहे.

झाड कुठल्या स्वभावाचं?

टोमॅटोच्या जातींचे ढोबळमानाने दोन गट आहेत. एक झुडपी, म्हणजे ठरावीक उंचीला थांबणारी. बियांच्या पाकिटावर अशा जातीला ‘डिटर्मिनेट’ म्हणतात. दुसरी सतत वाढणारी, ‘इनडिटर्मिनेट’. पहिली साधारण ३-४ फुटांवर थांबते आणि तिची बरीचशी फळं थोड्या आठवड्यांत पिकतात. दुसरी थंडी, रोग किंवा माणूस थांबवेपर्यंत वाढतच राहते. पॉलिहाउसमधली अशी झाडं वर्षभरात ३० फुटांच्या घरात जातात. मधल्या स्वभावाच्या जातीही असतात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित टोमॅटो त्यातला.

हा फरक कशामुळे होतो ते कळलं की छाटणी आणि आधार दोन्हींचं गणित सुटतं, म्हणून जरा थांबून बघू.

टोमॅटोचं खोड वरवर एकसंध दिसतं, पण ते तुकड्याला तुकडा जोडत वाढतं. रोपाला पहिली काही पानं येतात (बहुधा ७ ते ११) आणि मग शेंड्याचंच फुलांच्या घोसात रूपांतर होतं. तिथे त्या शेंड्याची वाढ खरं तर संपली. पण घोसाच्या लगेच खाली जे पान असतं, त्याच्या बगलेतला कोंब जोमाने वर येतो, घोसाला बाजूला सारतो आणि नवा शेंडा म्हणून मिरवायला लागतो. हा नवा तुकडा ३ पानं काढतो आणि पुन्हा फुलात संपतो. मग पुन्हा बगलेतला कोंब. सतत वाढणाऱ्या जातीत हा क्रम अखंड चालतो. झुडपी जातीत दर तुकड्यागणिक पानं कमी होत जातात, दोन घोस जवळजवळ येतात, आणि एका टप्प्यावर शेंडा फुलात संपतो तो संपतोच.

हा झुडपीपणा एका जनुकातल्या बदलामुळे येतो. १९१४ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात हा बदल आपोआप झालेलं झाड आढळलं. त्या जनुकाला ‘सेल्फ प्रूनिंग’, म्हणजे स्वतःची छाटणी स्वतः करणारा, असं नाव पडलं. आज शेतात लावल्या जाणाऱ्या कितीतरी आटोपशीर जाती तो बदल बाळगून आहेत.

पाकीट हरवलं असेल किंवा नर्सरीवाल्याने नुसतं ‘गावठी टोमॅटो’ म्हणून रोप हातात ठेवलं असेल, तर झाडालाच विचारा. दोन घोसांच्या मधली पानं मोजा. प्रत्येक वेळी ३ भरली तर झाड वर जाणारं आहे, उंच आधाराची तयारी ठेवा. पहिल्या एक-दोन घोसांनंतर पानं २, मग १ अशी उतरत गेली आणि टोकाला फुलंच दिसली, तर ते झुडपी. चेरी टोमॅटो बहुतेक वेळा वर जाणाराच निघतो. गॅलरीत ‘छोटा टोमॅटो म्हणजे छोटं झाड’ असं समजून अनेकजण तो आणतात आणि मार्चपर्यंत तो वरच्या मजल्याच्या तळाला टेकतो.

काठी, आणि ती बांधायची कशी

सगळ्यात साधी पद्धत एका बांबूची. जमिनीत लावलेल्या झाडाला ७-८ फुटी बांबू लागतो, त्यातला किमान दीड-दोन फूट जमिनीत जायला हवा. रोप लावायच्या आधी किंवा लावतानाच तो ठोकायचा, झाडापासून चारेक बोटं लांब. वाऱ्याची दिशा ठरलेली असेल तर काठी वाऱ्याच्या बाजूला ठेवा, म्हणजे झाड तिच्यावर आदळत नाही.

पुण्यात बांबूसाठी बुरुड आळीत गेलात तर पोकळ आणि भरीव असे दोन्ही मिळतात. भरीव बारीक काठी पोकळ जाड बांबूपेक्षा बरी. कोकणातला माणगा या कामाला फार चांगला, कारण तो सरळ असतो आणि जवळजवळ भरीव. घेताना काठी आडवी धरून पेरांजवळ बघा. टाचणीएवढी भोकं आणि पिवळसर भुकटी दिसली तर आत भुंगेरा आहे. ती काठी फळं भरल्यावर बरोबर मधोमध मोडते. कारवीच्या काठ्या मिळाल्या तर झुडपी जातीला पुरतात, सतत वाढणाऱ्या जातीला नाही.

कुंडीतली गोष्ट वेगळी. कुंडीत आपण कोकोपीट, शेणखत असं हलकं मिश्रण भरतो. त्यात एकटी काठी कितीही खोल घातली तरी तिला पकड मिळत नाही. दोन उपाय आहेत. एक म्हणजे कुंडी भरायच्या आधीच ३ काठ्या तळापर्यंत टेकवून उभ्या करायच्या, मग माती भरायची आणि वरची टोकं एकत्र बांधून तिवई करायची. दुसरा म्हणजे काठी दोन ठिकाणी ग्रिलला किंवा कठड्याला आवळून टाकायची, म्हणजे भार कुंडीवर येतच नाही. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा वारा सुटतो तेव्हा ५-६ फुटी पानांनी भरलेलं झाड कुंडीसकट आडवं होतं. वरच्या मजल्यांवर तर हा प्रश्न फक्त झाडाचा राहत नाही. कठड्याबाहेर सुटी काठी किंवा कुंडी अजिबात नको, खाली माणसं असतात.

आता बांधणं. इथेच निम्मी झाडं दुखावतात. दोरी आधी काठीला घट्ट गाठ मारून बांधा, मग आठाच्या आकड्यासारखी फिरवून, म्हणजे काठी आणि खोड यांच्यामध्ये तिढा पाडून, खोडाभोवती सैल वेढा घ्या. खोड आणि दोरी यांच्यात एक बोट सहज फिरलं पाहिजे. खोड पुढे जाड होणार आहे. आज बरोबर बसलेली दोरी महिन्याभरात खोडात रुतते आणि वरच्या भागाचा अन्नरस अडवते. वेढा नेहमी पानाच्या देठाखाली यावा, फुलांच्या घोसाखाली नको. पानाचा देठ भार पेलतो, घोसाचं देठ मोडतं.

दोरीसाठी विकत काही आणायची गरज नाही. जुन्या सुती साडीच्या किंवा ओढणीच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या उत्तम. तागाची सुतळीही चालते, हंगाम संपेपर्यंत टिकते आणि नंतर कुजून जाते. बारीक नायलॉन आणि तांब्याची तार मात्र टाळा. फुलपुड्यांची दोरी तर एका पावसात तुटते.

बांधणीची वेळही पाळण्यासारखी आहे. सकाळी खोडात पाणी भरलेलं असतं, ते ताठ आणि ठिसूळ असतं, वाकवलं की कडकन मोडतं. दुपारी ऊन लागून ते जरा लवचिक होतं. तेव्हा वाकवा आणि बांधा. उलट बगलफूट, म्हणजे पान आणि खोड यांच्या बेचक्यातले कोंब, काढायची ती सकाळी, कारण तेव्हा ती बोटाने नुसती बाजूला दाबली तरी स्वच्छ तुटते.

आणखी एक. झाड काठीला इतकं जखडू नका की ते हलूच नये. वाऱ्याने थोडं डोलणाऱ्या झाडाचं खोड आखूड आणि जाड होतं. जखडलेलं झाड लांब आणि किरकोळ अंगाचं राहतं आणि दोरी सुटली की कोसळतं. आठाची सैल गाठ त्यासाठीही आहे.

दोरीवरची वाढ

गॅलरीत उंच जातीसाठी मला सगळ्यात पटते ती वरून सोडलेली दोरी. वर ग्रिलला किंवा कपड्यांच्या दांडीला मजबूत दोरी बांधायची, ती खाली रोपापर्यंत आणायची, बुंध्याशी न आवळणारी सैल गाठ मारायची आणि झाड वाढेल तसा शेंडा दोरीभोवती फिरवत न्यायचा. आठवड्यातून एकदा-दोनदा, एकाच दिशेने. शेंड्याची शेवटची ५-६ इंच कोवळी वाढ मोकळी सोडायची. काठी नाही, खुपसणं नाही, मुळांना इजा नाही. दोरी वर थोडी जास्तीची गुंडाळून ठेवली तर झाड वरपर्यंत पोचल्यावर ती सैल करून झाड खाली उतरवता येतं. पानं काढलेलं खालचं खोड कुंडीभोवती आडवं निजवायचं. पॉलिहाउसवाले हेच मोठ्या प्रमाणावर करतात, त्यामुळे ३० फूट झाड माणसाच्या हाताच्या उंचीवर राहतं.

दोरीचा आणखी एक फायदा आहे. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागांनी फळतं, पण पराग नळीसारख्या पुंकेसरात अडकलेले असतात. ते बाहेर पडायला फूल थरथरावं लागतं. शेतात हे काम वारा आणि अंग थरथरवणारे काळे-निळे भुंगे करतात. साध्या मधमाशीला ते नीट जमत नाही. बंद गॅलरीत ना वारा, ना भुंगे. सकाळी ऊन वर आल्यावर, साधारण १०-११ वाजता, दोरीवर दोन-चार टिचक्या माराव्यात. हवा फार दमट नसेल तर पिवळी धूळ उडताना दिसते. फुलं येतात आणि गळतात, फळ धरत नाही, अशी तक्रार असेल तर खताआधी हे करून बघा. एप्रिलनंतर मात्र टिचक्यांनी काही होत नाही. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही उकाडा असेल तर परागच निकामी होतात.

या पद्धतीत झाडावर एक किंवा फार तर दोन खोडं ठेवावी लागतात. म्हणजे बगलफूट काढत राहायची. पानाचा देठ आणि खोड यांच्या बेचक्यात जो कोंब येतो तो. दोन खोडं हवी असतील तर पहिल्या घोसाच्या लगेच खालचा कोंब राखा. तो सगळ्यात जोमदार असतो. बाकीचे करंगळीएवढे व्हायच्या आत खुडा. चाकू-कात्री वापरू नका, एका झाडाचा रोग पात्यावरून दुसऱ्याला लागतो. घरात कोणी तंबाखू मळत असेल तर त्यांना हात साबणाने धुतल्याशिवाय झाडाला हात लावू देऊ नका. तंबाखूवरचा मोझॅइक विषाणू वाळलेल्या पानातही तग धरतो आणि टोमॅटोला लागतो.

झुडपी जातीची बगलफूट मात्र काढायची नाही. हे पुन्हा सांगतो, कारण व्हिडिओ बघून लोक सरसकट खुडत सुटतात. झुडपी झाडाचं मुख्य खोड थांबणार हे ठरलेलंच असतं, त्याचं बहुतेक उत्पन्न बाजूच्या फांद्यांवर येतं. त्या खुडल्या की फळंच खुडली. पहिल्या घोसाच्या खालचे, मातीजवळचे दोन-तीन कोंब काढा आणि हात आवरा.

उंच झाडाची छाटणी करतानाही पानांवर फार सूड उगवू नये. फळ थोडी सावली मागतं. फेब्रुवारी-मार्चच्या पुणेरी उन्हात पानं ओरबाडलेल्या झाडाच्या टोमॅटोंवर पश्चिमेच्या बाजूला पांढरट, कातडीसारखे चट्टे पडतात. मातीला टेकणारी खालची पानं आणि पिवळी पडलेली पानं काढली की पुरे.

पिंजरा

झुडपी जातीसाठी पिंजरा चांगला. फांद्या कापायच्या नाहीत, बांधायच्या नाहीत, जाळीतून बाहेर डोकावणारी फांदी आठवड्याला आत ढकलायची. दुकानात मिळणारे वर रुंद, खाली निमुळते तारेचे पिंजरे दिसायला छान असतात, पण मिरची-वांग्याच्याच लायकीचे. भरलेल्या टोमॅटोने ते कलंडतात. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातून वेल्डेड जाळी घ्या. भोकं ४ ते ६ इंचांची हवीत, नाहीतर पिकलेलं फळ बाहेर काढता येत नाही. ५ फूट लांबीचा तुकडा गोल वळवला की साधारण १९ इंच व्यासाचा पिंजरा होतो, ६ फुटांचा घेतला तर २३ इंचांचा. मोठ्या कुंडीभोवती तो जमिनीवरच उभा करा आणि कठड्याला बांधा. वर जाणाऱ्या जातीला पिंजरा द्यायचा तर तो ५-६ फूट उंच लागतो, आणि तेवढा पिंजरा ठेवायला गच्ची लागते.

शेतातली बांधणी

पुणे जिल्ह्यात टोमॅटो म्हटलं की जुन्नर तालुका आणि नारायणगावचा बाजार आठवतो, जिथे माल २० किलोच्या क्रेटमध्ये मोजला जातो. त्या पट्ट्यातून जाताना रस्त्याच्या कडेला बांबू-तारेच्या रांगाच रांगा दिसतात. गादीवाफ्यावर मल्चिंग पेपर, खाली ठिबक, रांगेच्या दोन्ही टोकांना जाड डांब, मध्ये ठरावीक अंतरावर बांबू, त्यावरून ओढलेली तार, आणि तारेला सुतळीने टांगलेली झाडं. झाड वाढेल तशी वरची तार आणि नवी सुतळी. ही बांधणी वेळेवर व्हावी लागते, त्यामुळे त्या दिवसांत मजूर मिळणं हीच शेतकऱ्याची मोठी चिंता. टोमॅटोच्या खर्चात औषधांइतकीच बांबू, तार, सुतळी आणि बांधणीची मजुरी जड जाते. भाव पडले की माल रस्त्यावर ओतल्याच्या बातम्या येतात तेव्हा हा खर्चही त्यात बुडालेला असतो.

अमेरिकेत याचाच एक भाऊ आहे, फ्लोरिडा वीव्ह नावाचा. त्यात तार नसते. दर दोन-तीन झाडांमागे एक काठी आणि काठ्यांना वेढे घेत झाडांच्या दोन्ही बाजूंनी ओढलेली सुतळी, जेणेकरून झाडं मधे धरली जातात. दर ८-१० इंच उंचीला नवा थर. झुडपी जातीच्या रांगेला ही पद्धत स्वस्त आणि झटपट. गच्चीवर लांबट वाफ्यात चार-सहा झाडं असतील तर हीच करावी.

तारेच्या बांधणीत एक गोष्ट सहसा समजावली जात नाही: टोकाचे डांबच आधी का कलतात? गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी आठवा. ती जितकी ताठ ओढावी तितके भिंतीतले हुक जास्त उपटतात. तारेचं तेच. दोन बांबूंमध्ये १० फूट तार आहे, तिच्यावर सगळीकडे सारखं पसरलेलं २० किलो वजन आहे आणि तार मधोमध ३ इंचच खाली आली असं धरा. गणित मांडलं तर तारेतली ओढ १०० किलो येते, वजनाच्या पाचपट. तीच तार ६ इंच खाली येऊ दिली तर ओढ निम्मी, ५० किलो. मधल्या बांबूंवर ही ओढ दोन्ही बाजूंनी येते, त्यामुळे ते उभे राहतात. टोकाच्या डांबावर ती एकाच बाजूने येते. म्हणून टोकाचा डांब बाहेरच्या बाजूला तिरपा रोवतात आणि मागे ताणाची तार देऊन जमिनीत खुंटी ठोकतात. गच्चीवर दोन खांबांमध्ये दोरी बांधून त्यावर झाडं टांगणार असाल तर तीही तंबोऱ्यासारखी ताठ करू नका. जरा झोळ असू द्या आणि मध्ये एक टेकू द्या.

मोठ्या फळांच्या जातीत घोसाचाही भार बघावा लागतो. घोसाचं देठ जिथे वाकतं तिथे मुडपलं तर पुढची फळं बारीक राहतात. सुती पट्टीची झोळी करून ती दोरीला अडकवली की झालं.

२०२३ च्या जुलैत शहरांत टोमॅटोचा किरकोळ भाव किलोला १०० रुपयांच्या वर गेला तेव्हा आमच्या ओळखीत अनेकांनी भर पावसात कुंड्या भरल्या. भावावर रुसून लावलेला टोमॅटो फळाला येईपर्यंत भाव उतरलेले असतात. पुण्यात घरच्या टोमॅटोचा सोपा हंगाम म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात बी टाकून पाऊस सरताना लावलेली रोपं. तेव्हा पानं कोरडी राहतात, रात्री थंड असतात, आणि काठी-दोरीची तयारी करायला पावसाळ्याचे रिकामे रविवारही मिळतात.

हंगाम संपला की झाड उपटू नका, मातीलगत कापा. मुळं मातीतच कुजू द्या. पण पानांवर करपा असेल किंवा झाड अचानक मर लागून गेलं असेल, तर मुळांसकट सगळं काढून कचऱ्यात टाका, घरच्या खतात नको. सुतळ्या झाडाबरोबर जाऊ देत. बांबू मात्र घासून धुवा, दोन-चार दिवस कडक उन्हात वाळवा आणि पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी आडवे ठेवा. जमिनीत गेलेलं टोक मऊ पडलं असेल तर तेवढं कापून टाका. पुढच्या वर्षी ती काठी एक-दीड फुटाने आखूड होईल, ती मिरचीला वापरा. आणि त्याच कुंडीत त्याच मातीत लगेच पुन्हा टोमॅटो, वांगं, मिरची किंवा बटाटा लावू नका. मेथी, पालक किंवा घेवडा लावा. घेवड्याची वेलाची जात असेल तर तिवई उभीच राहू द्या, ती त्याला चालते.